सत्ताविसावा रकाना

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरू नकोस. घरात सगळे ठणठणीत आहेत, कुणाला काही झालेलं नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण अवचित पत्र आलं की तुला आधी वाईटच सुचतं, आणि मलाही. फोनच केला असता, पण गेल्या महिनाभरात तू माझे सतरा फोन उचलले नाहीस. हो, मोजलेत. साठीला टेकलो, पोट सुटलं, डोक्यावर मोजण्याइतके केस उरले, तरी तुझा बारक्या अजून मोजतोच आहे. हे पाकीट तुझी भाची दाराखालून सरकवेल. आत काय आहे ते तिला माहीत नाही. आत्याला बरं वाटत नाहीये का, एवढंच तिने विचारलं, आणि मी नेहमीप्रमाणे तिसरंच काहीतरी बोललो.

दुपारची वेळ आहे, ऑफिससमोरच्या बागेतल्या बाकावर बसून लिहितोय. वर टेबलाशी बसून लिहिणं शक्य नाही, दर दोन मिनिटांनी कोणीतरी डोकावतं. परवा शुक्रवारी आमच्या खात्याचा वार्षिक अहवाल जाहीर होणार आहे. फोनवरून, संगणकावरून होणाऱ्या फसवणुकीच्या तक्रारी आमच्याकडे येतात आणि त्यांची मोजदाद माझ्या विभागाकडे असते, हे तुला पाठ आहे. यंदा तक्रारी एकतीस टक्क्यांनी कमी झाल्या. गेल्या वर्षी एकतीस हजार, यंदा साडेएकवीस हजारांच्या आत. साहेब इतके खूश आहेत की ते वाक्य त्यांनी अहवालाच्या मुखपृष्ठावरच छापायला सांगितलंय. आणि त्याखाली सही लागते ती माझी. गेले तीन दिवस घास गिळवत नाही. ही विचारते, डॉक्टरकडे जायचं का. डॉक्टरला काय सांगू, टक्केवारी दुखतेय म्हणून?

नीट सांगतो. पूर्वी तक्रार कागदावर व्हायची. माणूस खिडकीशी यायचा, आमचा कारकून त्याला बसवायचा, पाणी द्यायचा, विचारून विचारून लिहून घ्यायचा. अर्धे रकाने रिकामे राहायचे. तुला ठाऊक आहे, रिकामा रकाना मला बघवत नाही. तक्त्यात एखादा चौकोन मोकळा दिसला की माझा जीव वरखाली होतो. म्हणून गेल्या वर्षी संगणकावरचा नवा अर्ज करायची समिती बसली, तेव्हा मी हट्टाला पेटलो. प्रत्येक रकाना सक्तीचा करा म्हटलं. तो भरल्याशिवाय पुढचं बटण उमटूच नये. सगळ्यांनी मान डोलावली. रकाना क्रमांक सत्तावीस, फसवणाऱ्याचे पूर्ण नाव व राहण्याचा पत्ता, हा माझाच. त्यात माझं डोकं केवढं चाललं म्हणून सांगू! नुसतं माहीत नाही असं लिहून कोणी सुटू नये म्हणून पत्त्यात घर क्रमांक असलाच पाहिजे, अशी मेखही मीच मारून ठेवली. घर क्रमांक नाही, तर अर्ज पुढे जात नाही. वीस मिनिटांत पुढे गेला नाही, तर बंद पडतो.

तू चाळीस वर्षं पोस्टाच्या बचतखिडकीवर काढलीस. तुझ्या एका मिनिटात लक्षात आलं असतं की मी काय करून ठेवलंय. ज्याने फोनवरून लुबाडलं, त्याचा घर क्रमांक कोणाला माहीत असणार? माझ्या मात्र वर्षभर डोक्यात आलं नाही. तक्ते भरलेले दिसत होते, एकही चौकोन रिकामा नव्हता, आणि मी शेखी मिरवत फिरत होतो.

गेल्या आठवड्यात आमच्या संगणक विभागातली नवी मुलगी एक गठ्ठा घेऊन आली. अर्धवट राहिलेले अर्ज यंत्रात उगाच जागा अडवतात, ते कायमचे पुसायचेत, तेवढी मंजुरी द्या म्हणाली. साडेतीनशे पानांची यादी. अर्जदाराचं नाव, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात त्याने काय लिहिलं ते. चौदा हजारांवर अर्ज. मी तिला म्हटलं, हे सगळे रिकामटेकडे, गंमत म्हणून अर्ज उघडतात. ती शांतपणे म्हणाली, सर, जवळजवळ सगळे एकाच रकान्यावर थांबलेत. कुठला ते तिने सांगितलं नाही. मला कळलं.

मग मी वाचत बसलो. कोणी लिहिलं होतं, पत्ता माहीत असता तर मीच गेलो नसतो का. कोणी लिहिलं, फोनमध्ये राहतो. एका बाईंनी लिहिलं, पत्ता नाही सांगितला, पण मला आई म्हणायचा. एका निवृत्त शिक्षकांनी अकरा वेळा अर्ज भरायला घेतला होता. दर वेळी आधीपेक्षा नम्र भाषा, आणि शेवटी नुसतं कृपया. आणि जे पूर्ण झालेले अर्ज मी अभिमानाने मोजले होते, त्यांतल्या शेकडो लोकांनी अर्ज पुढे जावा म्हणून फसवणाऱ्याचा पत्ता म्हणून स्वतःच्याच घराचा पत्ता घातला होता. आमच्या तक्त्यानुसार ते सगळे ठग तक्रारदारांच्याच घरात राहतात! मला आधी हसू आलं. मग नाही आलं. एकाच माणसाने पुन्हा पुन्हा उघडलेले अर्ज वगळून बेरीज केली, तरी अकरा हजार माणसं उरली. ती मिळवली, तर घट राहू दे, वाढ आहे.

सोमवारी साहेबांपुढे तक्ता ठेवला. साहेब वाईट माणूस नाही, माझ्या पोरीच्या प्रवेशाच्या वेळी त्यांनी केवढी धावपळ केली ते तू पाहिलंस. पण तक्ता त्यांनी उलटा करून ठेवला. म्हणाले, अहो, अर्धवट अर्ज म्हणजे तक्रार नव्हे, ही व्याख्या तुमचीच ना? माझीच. वर म्हणाले, दीड वर्ष राहिलंय तुमचं, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता, आणि माझ्याही? आज ना उद्या तो रकाना बदलू, पण मागचं कशाला उकरायचं? गुरुवारपर्यंत यादी सही करून द्या. मी मान हलवली आणि बाहेर आलो. ताई, तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मी तयार झालो होतो. पेन्शन डोळ्यांपुढे आली, पोरीच्या शिक्षणाची उरलेली दोन वर्षं डोळ्यांपुढे आली. ती अकरा हजार माणसं नाही आली.

आता तुझ्याकडचं. सात आठवड्यांपूर्वीचा तो रविवार. तूच बोलावलं होतंस, सहज ये म्हणून. मी आलो तर दार उघडायला तू केवढा वेळ लावलास. आधी आतून दोनदा विचारलंस, कोण, एकटाच आहेस का. मधल्या खोलीतला पंखा दिसला नाही, म्हणालीस दुरुस्तीला दिलाय. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललंय, म्हणालीस काय घाई आहे. पेपर बंद केलास, म्हणे डोळ्यांना त्रास होतो. आणि तुझा फोन कपाटात, टॉवेलात गुंडाळून ठेवलेला. त्यावर मी काय विनोद केला आठवतंय? त्याला थंडी वाजते का म्हणून विचारलं. तू हसली नाहीस. एरवी माझ्या फुसक्या विनोदांना तेवढी एक तूच हसतेस.

एवढं सगळं दिसत असून मला दिसलं नाही. दुसऱ्यांच्या आयुष्याचे तक्ते करणाऱ्या माणसाला बहिणीच्या घरातल्या चार गोष्टींची बेरीज करता आली नाही. भावोजी गेल्यापासून तू हात आखडता घेतेस, एवढंच मी मनाशी ठरवून टाकलं. या यादीतले काही मूळ अर्ज संगणकावर उघडून वाचले, तेव्हा कुठे मनात शंका आली. कित्येकांनी तेच लिहिलंय. अधिकारी असल्याचं सांगून फोन येतो, तुमचं खातं गुन्ह्यात वापरलंय म्हणतात. कॅमेरा दिवसरात्र चालू ठेवायला लावतात, घरात कोणाशी बोललात तर त्यालाही अटक होईल म्हणतात. पंधरा पंधरा दिवस माणसं त्या फोनसमोर बसून राहतात. आणि सगळं संपल्यावरही फोन उशीखाली, डब्यात, कापडात गुंडाळून ठेवतात, कारण कोणीतरी बघतंय ही भीती जात नाही. हे वाचताना मला तुझं कपाट आठवलं. तरी मी म्हटलं, छे, ताई कशी असेल! म्हाताऱ्या काकूंचे पैसे काढायला आलेल्या पुतण्याला तू खिडकीतूनच हाकललं होतंस. नवं खातं काढणाऱ्या प्रत्येकाला दटावायचीस, वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून. ताईला कोण फसवणार?

आणि त्या रविवारी मी काय केलं? तू चहा पुढे ठेवलास, समोर बसलीस, दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलंस. मी माझ्याच नादात. एकतीस टक्क्यांचं पुराण लावलं. आणि वर तोंड वर करून म्हणालो, जे उरलेत ते निव्वळ मूर्ख, असल्यांना लुबाडायला ठग कशाला हवा, ते स्वतःच दार उघडून देतात. म्हणालो आणि मोठ्याने हसलो. तू कप उचलून आत गेलीस. बराच वेळ नळ वाहत होता. मी पेपर शोधत होतो.

आता तेच लिहितो, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. काल सकाळी मी यादीवर सह्या करायला बसलो. प्रत्येक पानाच्या तळाशी एक. वाचायचं नाही, असं ठरवूनच बसलो होतो. दोनशे बारावं पान सही करून उलटताना वरच्या ओळीत तुझं नाव दिसलं. सही आधीच झाली होती, ताई. तुझं नाव पुसून टाकायला मंजुरी आहे, असं माझ्या हाताने लिहून झालं होतं. मग मागची पानं चाळली, संगणकावर तुझे मूळ अर्ज उघडले. नऊ दिवसांत चार वेळा तू अर्ज भरलायस. सगळे रकाने नीट, तुझ्या सवयीने. गेलेल्या पैशांचा आकडाही वाचला, तो इथे लिहीत नाही. दुसऱ्या कोणी असतं, तर कुठलातरी पत्ता ठोकून मोकळं झालं असतं. तू चौथ्या वेळी सत्ताविसाव्या रकान्यात लिहिलंस, पत्ता माहीत नाही, खोटा लिहिणार नाही, चौकशी झाल्यास माझ्या भावाला कळवू नये, तो याच कार्यालयात आहे, त्याला माझी लाज वाटेल. तो चौथा अर्ज शनिवारचा आहे. दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे चहाला आलो होतो. त्यानंतर तुझा एकही अर्ज नाही. चौदा हजार अर्जांनी माझं मन बदललं नाही, एका नावाने बदललं, याची लाज मला आहे. तुझी नाही, कधीच नव्हती. आज सकाळी त्या सगळ्या सह्या रद्द केल्या, अर्ज पुसू नयेत, आकडा खोटा आहे आणि चूक माझी आहे, असं लेखी देऊन त्यावर आवक शिक्का मारून घेतलाय. साहेब माझ्याशी बोलत नाहीत, शुक्रवारी काय होईल देव जाणे. पण उद्या गुरुवारी मी रजा टाकलीय. सकाळी नऊ वाजता येतो. ऑफिसात खालच्या खिडकीवर अजून कागदी तक्रार घेतात, आपण दोघं जाऊ. तू सांग, मी लिहीन, आणि मध्ये एक शब्द बोलणार नाही. तोवर कोणाचाही फोन घेऊ नकोस, माझा सुद्धा. हल्ली आवाजही चोरतात. दारावर येऊन मी बारक्या म्हणालो, तरी नुसत्या आवाजावर जाऊ नकोस. आधी भोकातून नीट बघ, मीच आहे ना याची खात्री कर, आणि मग मला आत घे.

चुकलेला, पण तुझाच,
बारक्या