तटाने घेतलेला वळसा

प्रिय आई,

नमस्कार करते, आणि आधी गुडघ्यांचं सांग. तेल लावतेस ना?

मी बरी आहे. ऑफिसात माणसं कमी करताहेत, पण माझ्यापर्यंत अजून आलेलं नाही.

रविवारी इथून, मेडनहेडहून, गाडी काढून एका टेकडीवर गेले. वर अडीच हजार वर्षांपूर्वीचा मातीचा किल्ला आहे. तट सरळ येतो आणि मध्येच एका उंचवट्याला वळसा घालून पुढे जातो. गाइड म्हणाली, तो उंचवटा म्हणजे थडगं आहे, किल्ल्याच्याही हजार वर्षं आधीचं. आत तान्ह्या मुलाची हाडं सापडली. थडगं कुणाचं हे ठाऊक नसूनही किल्लेवाल्यांनी ते मोडलं नाही.

पाऊस लागला तरी मी तिथेच उभी राहिले.

माझ्या आधीच्या, तान्हेपणीच गेलेल्या बहिणीला जिथे पुरलं, त्या शेताच्या कोपऱ्यात तू कधी नांगर जाऊ दिला नाहीस. शेत विकताना एकदाच म्हणालीस, "तेवढा कोपरा राहू दे." मी फोनवर म्हटलं, "आई, बिल्डरला प्लॉट चौकोनी हवाय." एकुलती म्हणून माझीही सही लागली. ती मी करून दिली.

आता तिथे काम सुरू झालं असेल.

तिचं नाव काय ठेवलं होतंस? मी कधी विचारलंच नाही.

तुझी धाकटी,
ऋजुता