ट्यूशन फी म्हणजे शिकवणी नव्हे

गुरुजी, तुम्हाला जाऊन लई वर्षं झाली, पण या आठवड्यात एका शब्दानं मला असं गाठलंय की तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगावं ते सुचत नाही.

शब्द आहे ट्यूशन फी. पोरांच्या शिक्षणावरच्या खर्चाला इन्कम टॅक्समध्ये सवलत मिळते, त्या रकान्यात तो असतो. मी माजलगावकडं साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहे. उसाच्या ट्रॉलीच्या वजनात माझ्या हातून कधी फरक पडलेला नाही. कॉम्प्युटर माझा मीच शिकलो, रिटर्न भरायलाही माझा मीच. यंदा माझ्याबरोबर काट्यावरच्या चौघांचे रिटर्न मीच भरले आणि पाचही ठिकाणी त्या रकान्यात पोरांच्या बीडच्या क्लासची फी टाकली, पावतीनिशी, रुपयाला रुपया. ट्यूशन म्हणजे शिकवणी. आपल्याकडं दुसरं काय म्हणतात?

तो शब्द तुमच्या स्वयंपाकघरातच तर कानावर पडला. दिंद्रुडला माझी शाळा सातवीत सुटलेली. दिवसभर मेंढरांमागं हिंडून मी तुमच्याकडं यायचो आणि घरी सांगायचो, ट्यूशनला गेलतो. तुम्ही कधी पैसा घेतला नाही. एकदा शेजाऱ्याच्या अर्जात मी एक इंग्रजी शब्द अंदाजानं लिहिला. तुमच्या घरच्या बाई चुलीपुढं भाकरी थापतायत आणि तुम्ही कागद माझ्यापुढं सरकवताय.

“हे कावून लिवलंस? अर्थ ठावं हाय का?”

“तसाच असंल, गुरुजी.”

“असंल? अर्ज तुझा न्हाई बे, त्याचा हाय. हेलपाटे त्यो घालणार!”

“दोन घास खाऊ द्या लेकराला, मग वरडा,” बाई म्हणाल्या.

सोमवारी मोबाइलवर आयकर खात्याचा मेसेज आला: घेतलेली सवलत तपासा, चूक असल्यास मुदतीत सुधारित रिटर्न भरा. थोरलीनं वाचला आणि हसलीच. “पप्पा, ट्यूशन फी म्हणजे शाळेची फी. क्लासची नाही चालत.”

“कोण म्हणतं?”

तिनं फाइलमधून शाळेची पावती काढली. पहिल्याच ओळीत छापलेलं होतं, ट्यूशन फी. खाली बस, परीक्षा, बाकीचं. ती पावती मीच पंच करून लावलेली.

माझं मी निस्तरीन, पण बाकी चौघं? एकाचा परतावा जमा होऊन खर्चूनही झालाय. आज कॅन्टीनमध्ये चहा घेताना चौघांना सांगून टाकलं, सगळ्यांचं परत भरावं लागतंय.

“कावून? सीएपेक्षा पक्कं हाय म्हणलावता ना तुमी?” एक जण म्हणाला.

“नोकरीवर काय येतंय का ओ?” परतावा खर्चलेल्याचा चेहरा उतरला.

“न्हाई. जास्तीचं परत भरायचं, थोडं व्याज बसंल. मुदत हाय अजून.”

“मंग चुकलं कुणाचं?” त्यानंच विचारलं.

गुरुजी, हा कागद कुठं जायचा नाही, म्हणूनच लिहितोय. मी म्हणालो, “सॉफ्टवेअरचं.”

“मशीनच ती!” तो म्हणाला आणि त्यानं माझा हात धरला. “तुमच्या ध्यानात आलं म्हणून वाचलो बघा.” पाचही रिटर्न मी उद्या दुरुस्त करीन, शब्द न् शब्द तपासून. पण आज मी नुसतं ‘बरं’ म्हणालो, आणि माझ्या चहाचे पैसेही त्यालाच देऊ दिले.