मधले हात

खामगाव,
१७ नोव्हेंबर

प्रिय राजू,

काल संध्याकाळपासून तू पाच वेळा एकच प्रश्न पाठवला आहेस. माय काय म्हणाली? पाचही वेळा मी तो वाचला, आणि वाचल्याच्या निळ्या खुणा तुला तिकडे पुण्यात दिसल्या असणार. उत्तर एका ओळीचं आहे. मी ते फोनवर दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. ती एक ओळ नुसती पाठवली तर खरी असेल, पण पुरी नसेल. आणि एकदा ती गेली की उरलेलं मी कधीच सांगणार नाही, एवढी मी स्वतःला ओळखते. म्हणून हे पत्र. उद्या सकाळी स्पीड पोस्टाने टाकते. तुला लांबलचक मराठीचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे, तुला वाचायला मीच शिकवलं. तरी एवढं शेवटपर्यंत वाच.

आधी चित्राचं सांगते. मार्चपासून आपल्या रविवारच्या कॉलवर, मी खामगावहून गावी जाते तेव्हाच्या, तू तुटक दिसायला लागलास. ऐकणाऱ्या माणसांचं चित्र अडलं तरी त्यांचं आवाजावर भागतं. आपलं, हातांनी बोलणाऱ्यांचं, भागत नाही. तुझा हात वर गेलेला दिसायचा आणि एकदम खाली आलेला, मधलं अख्खं वाक्य गळून गेलेलं. तू हसताना थिजायचास आणि पुढचं चित्र येईपर्यंत गंभीर झालेला असायचास. लॅपटॉपचा पंखा तर असा घरघरायचा की एकदा आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "याले ताप आला का वो अश्विनी?" माय म्हणाली, "बारक्या लेकराले घेऊन बसल्यावानी मांडीवर काऊन घेतं मंग त्याले? खाली ठेव." मी हसले होते. मग मी तुला लिहून कळवलं की गावात नेटवर्क नसतं, आता लिहूनच बोलू. तूही लिहायला लागलास. "बरं." "जेवलो." "काम आहे." हातांनी बोलताना तू किती बडबड्या आहेस, आणि लिहिताना किती परका होतोस. माझ्या डायरीत एप्रिलपासूनच्या रविवारांपुढे बहुतेक एवढंच आहे: राजूचे तीन शब्द. राजूचे दोन शब्द. पोळ्याच्या दिवशी काहीच नाही.

तू त्या मेसेजांना कंटाळला असशील, पण मी मात्र ते उघडून बघत बसायची आणि त्यांत तुझे हात शोधायची. "बरं" म्हणताना तू मान डावीकडे टाकतोस. "काम आहे" म्हणताना दोन्ही मुठी एकमेकींवर आपटतोस, आबा मेख ठोकायचे तशा. ही खूण कुठल्या शाळेतली नाही. आपण गोठ्यामागे बसून केलेल्या खुणा आहेत त्या. तू चार वर्षांचा होतास, मी अकरा. शेगाव म्हणजे ओठांशी चिलीम, खामगाव म्हणजे कापसाच्या रुईची गाठ दाबतात तसे दोन्ही तळवे, शेजारची जनकाबाई म्हणजे कमरेवर हात आणि वाकडं तोंड. जनकाबाईने ती ओळखली तेव्हा केवढी ओरडली होती, "मुकं पोरगं माह्या नकला करते अन् तुमची पोरगी हसते!" मग माझ्या पाठीत आबांचा धपाटा. तुला नाही बसला. तुला बोलणी कळत नाहीत म्हणून तुझ्या वाटणीचंही मला मिळायचं, आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमान होता.

कारण घरात तुला कळणारी मी एकटी होते. माय-आबांना खुणा येत नव्हत्या असं नाही. ये, जेव, झोप, बस, मार खाशील, अशा दहा-बारा येत होत्या. त्यापुढचं सगळं माझ्याकडून जायचं. तू अकोल्याच्या शाळेत गेलास तेव्हा तुझं रडणं मी आबांना सांगितलं, आणि आबांचं रडणं तुला. तुझी पुण्याची नोकरी, तुझी खोली, तुझं गाडी घ्यायचं वेड, सगळं माझ्या तोंडून त्यांनी ऐकलं. लोक मला म्हणायचे की पोरीने भावासाठी लग्न केलं नाही. ते खोटं आहे. लग्नाची कारणं वेगळी होती, ती तुला माहीत आहेत. पण लोक तसं म्हणायचे तेव्हा मी त्यांना कधी थांबवलं नाही, हेही खरं.

आता नऊ मार्च. तो कॉल अगदी स्वच्छ होता, एकही चित्र गळलं नाही. तू म्हणालास, माय-आबांना समोर बसव, कोणीतरी दाखवायचं आहे, आणि श्रद्धा तुझ्या शेजारी येऊन बसली. निळा कुडता, आखूड केस. तिने दोन्ही हात जोडले आणि मायने इकडून जोडले. तू सांगितलंस की ती तुझ्याच कंपनीत डिझाइन करते, तिलाही ऐकू येत नाही, आणि तुम्हाला लग्न करायचं आहे. मग ती तुला काहीतरी म्हणाली. तू तिला काहीतरी म्हणालास. केवढे भरभर चालत होते तुमचे हात, राजू. त्या पुण्याच्या खुणा होत्या, मला त्यातली एक कळत होती आणि पाच सुटत होत्या. मग तुम्ही दोघं हसलात. माय मला म्हणाली, "काय म्हनते वो? काऊन हासून राह्यले?" आणि मला सांगता येईना. मला माहीतच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्यासमोर माय-आबा बसतात तशी बसले होते.

त्यानंतर नऊ दिवसांनी, अठरा मार्चला, कॉलेजात ग्रंथालयाच्या नव्या सॉफ्टवेअरचं ऑनलाइन प्रशिक्षण होतं. माझी स्क्रीन मधूनच काळी पडायची. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, ज्यांचं असं होतं त्यांनी ब्राउझरमधलं ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करा. मी केलं. काळं पडणं थांबलं. डायरीत तशी नोंद आहे. लॅपटॉपमध्ये चित्रांचं काम करणारा एक वेगळा भाग असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते बटण बंद केलं की तो भाग रिकामा बसतो आणि सगळी चित्रं मुख्य प्रोसेसरला ओढावी लागतात. तू दिलेला लॅपटॉप जुना. तो तापतो, घरघरतो, आणि पेलवत नाहीत तेवढी चित्रं सोडून देतो. मी नोंद केली आणि विसरले. पुढच्याच रविवारी तू तुटक दिसलास. त्या तारखेला मी काय लिहिलं आहे ते पुढे सांगते.

गेल्या बुधवारी तुझा मेसेज आला. "दिवाळी झाली." फक्त एवढं. मी ग्रंथालयात होते, पुस्तकांवर शिक्के मारत होते. तू काय विचारतो आहेस ते मला कळलं होतं. गुरुवारी सुट्टीच्या तासाला मी लॅपटॉप घेऊन बसले. मार्चची डायरी काढली. आधी डिस्प्लेचा ड्रायव्हर अपडेट केला, म्हणजे स्क्रीन पुन्हा काळी पडायला नको. मग ब्राउझरच्या सेटिंग्ज, त्यात सिस्टम, त्यात ती ओळ: उपलब्ध असेल तेव्हा ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन वापरा. समोरचं बटण सरकवलं. ब्राउझर बंद होऊन परत सुरू झाला. दुसऱ्या ब्राउझरमध्येही तेच केलं, न जाणो. मग एक नदीचा व्हिडिओ लावून बघितला. पाणी सलग वाहत होतं आणि पंखा गप्प होता. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. आठ महिने, आणि वीस मिनिटं.

आणि काल तू दिसलास. पुरा दिसलास. तू बारीक झाला आहेस. दाढी ठेवली आहेस आणि ती तुला शोभत नाही. तुझा हात उठला, वळला, थांबला, खाली आला, आणि मधलं काहीही गळलं नाही. मी रडले ते तू पाहिलंस. तू विचारलंस, दिवाळी झाली, आबा काय म्हणतात? मी उत्तर देण्याआधी माय मला कोपराने ढकलून पुढे झाली. तिच्या हातांना अजून कापसाची बोंडं टोचल्याचे ओरखडे होते. तिने तिच्या दहा-बारा खुणांमधल्या दोनच काढल्या. दोन बोटं वर केली. मग हात स्वतःकडे ओढला. ये. दोघं. तिने ते तीनदा केलं. चित्र तुटायला लागल्यापासून कॉल थांबेपर्यंत ती दर रविवारी हे करत होती, राजू. तुटक चित्रात तुला तिचा वर गेलेला हात दिसला असेल, नाहीतर खाली आलेला.

तू मायकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे. तुझ्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, गोंधळ होता. तू मला विचारलंस, माय काय म्हणाली? लहानपणापासून तू असाच माझ्याकडे वळतोस, समोर स्पष्ट दिसलं तरी माझ्याकडून ऐकल्याशिवाय तुला खरं वाटत नाही. आणि मी लॅपटॉप मिटला. नेटवर्क गेलं नव्हतं. मी मिटला.

आता ते सांगते. नऊ मार्चला तू लग्नाचं सांगितलंस तेव्हा माय म्हणाली होती, "तिले ऐकू येत नाही तं काय झालं? याले तरी कोनतं येते? दोघं एकमेकाच्या तोंडाकडं पाहून तं बसतीन. आन म्हना घरी." आणि ती पदराने डोळे पुसायला लागली. मग आबा म्हणाले, "हो म्हना त्याले. शेगावले उतरा म्हना, मी येतो घ्याले." हे त्यांचे शब्द आहेत, मी त्याच दिवशी लिहून ठेवलेले. आणि माझ्या हातांनी तुला सांगितलं: आबा म्हणतात, घाई नको, दिवाळीनंतर बघू. मायला वाईट वाटलं आहे. तू चेहरे वाचण्यात इतका तयार, पण अर्थ मी आधी सांगितला आणि मग तुला चेहरेही तसेच दिसले. तुमच्या हसण्यातलं मला काहीच कळलं नव्हतं, आणि त्या क्षणी वाटलं की या दोघांना आता माझी गरज उरणार नाही. एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण मी आठ महिने शोधलं, सापडलं नाही. माय-आबांना मी सांगितलं की तू सवडीने येतो म्हणालास. म्हणून ते इकडे समजत राहिले की तुला त्यांची लाज वाटते. जनकाबाई ओट्यावर येऊन म्हणून गेली, "राजू सायब झाला, आता गाव काय दिसते त्याले," आणि आबा गोठ्याकडे निघून गेले. चित्र तुटायला लागलं त्या तेवीस मार्चला मी डायरीत लिहिलं आहे, "राजू नीट दिसत नाही. बरं झालं." शेवटचे दोन शब्द खोडलेले आहेत, पण वाचता येतात. माझा फोन होता, तो भिंतीला टेकवून उभा करता आला असता. मी केला नाही.

काल लॅपटॉप मिटल्यावर मी मायला सगळं सांगितलं. ती कापसाच्या गाठोड्यावर बसली होती. मला वाटलं, मारेल. ती म्हणाली, "मले काय सांगून राह्यली? त्याले सांग." आबा उठून वावरात गेले ते अंधार पडल्यावरच आले. म्हणून हे लिहिलं. तू फोनवर विचारलंस त्याचं उत्तर: माय म्हणाली, दोघं या. आबा मार्चमध्येच हो म्हणाले. श्रद्धाला हे पत्र दाखव. तिला मी काय केलं ते कळायला हवं, तिला नको असेल तर तिने माझ्याशी बोलू नये. येत्या रविवारी, तेवीस तारखेला, मी अकरा वाजता लॅपटॉप लावीन, चित्र सलग आहे हे बघीन, माय-आबांना समोर बसवीन आणि बाहेर जाईन. मध्ये कोणी नसेल. जे विचारायचं ते त्यांनाच विचार, सावकाश विचार, त्यांना कळेल. नाही कळलं तर ते तुला परत विचारतील, तेवढं त्यांना येतं. मला आत बोलवावंसं वाटलं तरच माझी खूण कर, हनुवटीवर एक बोट. मायकडून मी ती दोनदा करून घेतली आहे. तू केलीस तर ती ओळखेल.

तुझीच,
ताई