चव उत्तम

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. शाळा आठवीत सुटली, पण अक्षर अजून मोत्यासारखं आहे. ते बघायच्या लायकीचं इथे कुणी नाही, म्हणून स्वतःसाठीच.

पोषण केंद्राचा प्रमुख होऊन दोन महिने झाले. हाताखाली दोन सेविका, थोरली ताई आणि धाकटी ताई, आणि एक स्वयंपाकीण. तिघींत मिळून चिमूटभर शिस्त नाही. मला 'काका' म्हणतात. आज बजावलं, ऑफिसात काका नाही, साहेब. थोरली म्हणाली, बरं काका.

यादीत साठ कुटुंबं. मुलांसाठी पीठ न्यायला आली एकोणपन्नास. किळस येते. फुकट मिळतं आणि उचलायचा कंटाळा!

संकल्प: महिनाअखेर साठच्या साठ.

५ फेब्रुवारी, बुधवार, स. ८
वरून पत्र. महिनाअखेर तीसच्या खाली कुटुंबं असतील ते केंद्र बंद. लोकांनी सहा किलोमीटरवरच्या केंद्रात जायचं. पाणी प्यायलो. मग आठवलं, आपली एकोणपन्नास आहेत.

वाटपाआधी पिठाची पेज चाखली, रजिस्टरवर 'चव उत्तम' लिहून सही केली. हे काम मी कुणावर सोपवत नाही. पेज भुशासारखी लागते खरी. पण मोठ्या तापातून उठल्यापासून बायकोचा स्वयंपाकही भुशासारखाच लागतो. म्हणजे पेज घरच्या तोडीची आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
चव्वेचाळीस.

एक आजी दीड वर्षाच्या नातीला कडेवर घेऊन येते. पुडा फोडून आधी नाकाला लावते, जशी काही अत्तर घ्यायला आलीय. आज म्हणाली, "खवट आहे हे. जनावर तोंड लावायचं नाही." आणि पुडा माझ्या टेबलावर आपटून गेली. शर्टावर पीठ उडालं. शी!

थोरल्या ताईने माल परत पाठवायचा फॉर्म पुढे केला. त्यावर प्रमुखाची सही लागते. मी स्वतः चाखलेला माल खवट कसा? शिवाय परत पाठवला तर वरचे विचारणार, मग इतके दिवस उत्तम कसं लिहिलंत? फॉर्म ड्रॉवरमध्ये.

१२ फेब्रुवारी, बुधवार
स्टाफची मोटिव्हेशन मीटिंग घेतली. चाळीस मिनिटं बोललो. लीडर म्हणजे इंजिन, टीम म्हणजे डबे, हे उदाहरण माझं स्वतःचं. धाकट्या ताईने सात जांभया दिल्या, मोजल्या मी. शेवटी विचारलं, कुणाला काही शंका? स्वयंपाकीण म्हणाली, काका, पेज ढवळताना नाकाला पदर लावावा लागतो. म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं.

तिघींचं आपसांत ठरलेलं दिसतं. म्हातारा सरळ आहे, वाकवा.

कुटुंबं छत्तीस.

१७ फेब्रुवारी, सोमवार
घरीही तेच. बायकोला म्हटलं, दोन महिने मीठ घालत नाहीस, गवत शिजवतेस. म्हणाली, दवाखान्यात जा. कशाला? दात शाबूत आहेत. तिने चहा केला, माझ्या हातात दिला आणि दारात उभी राहून बघत राहिली. कप रिकामा केला. मोठ्या मनाने म्हटलं, आज जमलाय हो चहा. तोंडाला पदर लावून आत गेली. हसत होती की रडत होती, कळलं नाही.

मिठाचा डबा ओट्यावर उघडाच होता. निष्काळजीपणा.

२० फेब्रुवारी, गुरुवार
धाकटी ताई वजनकाटा घेऊन आजीच्या घरी जाऊन आली. कुणी सांगितलं होतं? नात तीनशे ग्रॅमने उतरलीय. तक्त्यावर लाल ठिपका आला. माझ्या केंद्रात लाल! आजी नाकाचे चोचले करणार आणि पोर उपाशी राहणार.

थोरल्या ताईने तिसऱ्यांदा फॉर्म आणला. मी मेमो दिला: कुटुंबं टिकवण्यात अपयश, कामावरून का काढू नये, खुलासा करा. तिने वाचला, घडी घालून कमरेला खोचला. म्हणाली, "मला काढा काका, पण आधी सही करा." उद्धट.

कुटुंबं तेहतीस.

२४ फेब्रुवारी, सोमवार, दु. ३
तोड सापडली! अठ्ठावीस तारखेला वरच्या मॅडमना बोलवायचं, साठही घरांना निरोप द्यायचा आणि सगळ्यांसमोर मी स्वतः पेज खायची. चमचाभर नाही, वाडगाभर. लीडरने उदाहरण घालून द्यायचं असतं.

फोन केला. मॅडम येते म्हणाल्या. थोरली ताई मागे उभी होती. म्हणाली, "काका, नका करू. ऐका माझं." जळतात मेल्या.

कुटुंबं एकतीस. काळजी नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
शर्टाला इस्त्री केली. भाषण पाठ. बायकोने विचारलं, कसला समारंभ? सांगितलं. ती डोक्याला हात लावून खाली बसली. अभिमान वाटला असावा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
थोडक्यात लिहितो.

गर्दी झाली. आजी नातीला घेऊन पुढेच. मी एक वाडगा खाल्ला. दुसरा मागितला. तोही खाल्ला. लोक तोंड वासून बघत होते. वाटलं, जिंकलो. मॅडमना म्हटलं, घ्या ना. त्यांनी एक चमचा तोंडात घातला, उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन थुंकल्या. परत येऊन म्हणाल्या, रजिस्टर.

पानामागून पान. उत्तम, उत्तम, उत्तम. अक्षर मोत्यासारखं.

थोरली ताई पुढे आली. "मॅडम, साहेबांना चव लागत नाही. तापात गेली. आम्हाला हल्लीच कळलं. वयाने मोठे, तोंडावर कसं सांगायचं?"

पहिल्यांदाच साहेब म्हणाली.

आजी म्हणाली, "अरे बाबा, जीभ गेली होती तर माझं नाक होतं की! विचारायचंस." कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

ड्रॉवरमधून तिन्ही फॉर्म निघाले. मेमो मॅडमनी फाडला. माल परत जाणार. कुटुंबं आज एकोणतीस, पण केंद्राला महिन्याची मुदत मिळाली. चव बघायचं काम माझ्याकडून काढलं.

३ मार्च, सोमवार
नवा माल आला. चव आता आजी बघते. तिला लिहिता येत नाही, म्हणून रजिस्टर मी धरायचं. तिने हुंगलं, चाखलं, जीभ फिरवली. म्हणाली, "चालेल." सवयीने 'चव उत्तम' लिहिलं. म्हणाली, "वाच बघू काय लिहिलंस." खोडून 'चालेल' लिहिलं. पानावर खाडाखोड झाली. नातीने अर्धी वाटी खाल्ली, उरलेली माझ्या बाहीला पुसली.

संध्याकाळी बायकोने चहा दिला. या वेळी फसायचं नाही असं ठरवलं. डोळे मिटून जिभेवर घोळवला. म्हटलं, साखर. म्हणाली, नाही. म्हटलं, मग मीठ. म्हणाली, काहीच नाही घातलं अजून.

तिने कप घेतला, साखर घालून ढवळला आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवला. कसा झालाय, ते या वेळी विचारलं नाही.

चहा गरम होता.