पाच अँपिअर आणि तुझी टाकी

गस्सान,

बाबांना घेऊन मी बत्रूनला आपल्या आत्याकडे जातेय. आम्हाला न्यायला येऊ नकोस.

काल वीज गेली आणि गल्लीतल्या जनरेटरवरून आपल्याला मिळणाऱ्या पाच अँपिअरवर बाबांचं ऑक्सिजनचं मशीन नि तुझ्या त्या मासे-पोवळ्यांच्या प्लायवूडच्या टाकीचे पंप एकदम लागले. एमसीबी पडला. तू धावत आलास, बाबांच्या दारावरून तसाच पुढे गेलास आणि पोवळी जिवंत आहेत ना ते बघत बसलास. आत बाबा भिंतीवर हात आपटत होते.

मसूर-भात फ्रिजमध्ये आहे. टाकीपायी फ्रिजही तूच बंद ठेवतोस, तेव्हा आधी वास घे, मग खा. पाचही अँपिअर आता तुझ्या माशांना.

निघताना मी पंप बंद करणार होते. बाबांनी माझा हात धरला. म्हणाले, "राहू दे, पोरानं स्वतःच्या हातानं बांधलीय."

हनादी