चार मिनिटं दहा सेकंद

सोमवार, २ मार्च. सकाळी ९.४०
आजपासून रोजनिशी लिहायची. मोठ्या कामाची नोंद ज्याची त्यानेच ठेवलेली बरी, नाहीतर श्रेय भलतेच लोक घेऊन जातात.

काम असं. आमच्या हॉस्पिटलचे सगळे एक्स-रे आणि सगळे स्कॅन तीन फाईल सर्व्हरवर राहतात. प्रत्येक फोटोची प्रत तिघांकडेही असते. महिन्यातून एकदा तिघांना रीस्टार्ट करावं लागतं. सध्याची पद्धत अशी की एकाला बंद करून चालू करायचं. तो उठला की बाकीच्या दोघांना विचारत बसतो, मी नसताना काय काय आलं. सगळं उतरवून घेतो. मग दुसरा. मग तिसरा. एकूण सत्तेचाळीस मिनिटं. तेवढा वेळ वरच्या मजल्यांवर डॉक्टरांचे फोटो रखडत उघडतात आणि फोन माझा वाजत राहतो.

व्यवस्थापक साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, हे वीस मिनिटांत बसेल का. मी म्हटलं, चार. का म्हटलं ते मलाही सांगता येणार नाही. पण म्हटल्यावर छातीत मोकळं वाटलं.

सबुरीबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. (त्यांचं खरं नाव वेगळं आहे. हे मी ठेवलेलं, मनातल्या मनात.) त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. रीस्टार्टची चेकलिस्ट त्या कागदावर ठेवतात, एकट्या असल्या तरी मोठ्याने वाचतात आणि प्रत्येक ओळीपुढे लाल पेनाने बरोबरची खूण करतात. सत्तेचाळीसपैकी निदान दहा मिनिटं या पेनातच जात असावीत.

रात्री ९.००
बायकोला सांगितलं. तिने विचारलं, चार म्हणजे घड्याळाची की तुझी. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण घरात प्रोत्साहन म्हणून नाही.

बुधवार, ४ मार्च
बाबांचा उजवा हात महिनाभर बधिर आहे. शर्टाची बटणं आई लावून देते. डॉक्टर म्हणाले, मानेचा स्कॅन करू, नस किती दबलीय ते बघू आणि मग ऑपरेशनचं ठरवू. उशीर केला तर बोटांतली ताकद परत येईलच असं नाही, असंही म्हणाले.

बाबा नको म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी ते लिफ्टमध्ये तीन तास अडकले होते. तेव्हापासून चौथ्या मजल्यावर जिन्याने जातात. बाथरूमची कडी लावत नाहीत. त्या मशीनच्या नळकांड्याचं चित्र डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा त्यांनी नुसती मान फिरवली.

मी परिस्थिती हातात घेतली. म्हटलं, बाबा, चार मिनिटांचं काम आहे, डोळे मिटून पडायचं. बायकोने मला पायाने ढोसलं. खरं तर पंचेचाळीस मिनिटं लागतात, पण आत पडलेल्या माणसाला वेळेचं भान राहत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

बाबांनी मला विचारलं, तू बाहेर असशील ना. म्हटलं, म्हणजे काय, हा विचारायचा प्रश्न झाला का. तयार झाले. पंधरा तारखेचा रविवार, सकाळी सव्वादहा. त्याच सकाळी रीस्टार्ट आहे. एका फेरीत दोन कामं. नियोजन म्हणतात ते हेच.

शनिवार, ७ मार्च
योजना तयार. इतकी सोपी आहे की आजवर कुणाला कशी सुचली नाही, याचंच नवल वाटतं.

पहिली गोष्ट: दोन सर्व्हर एकदम बंद करून चालू करायचे, ते उठले की लगेच तिसरा. दुसरी: उठल्यावर चौकशी करत बसायचं नाही, उठले की कामाला लागायचं. तिसरी जरा नाजूक आहे. सर्व्हरांचा एक नियम आहे. नवा फोटो आला की निदान दोघांनी लिहून घेतल्याशिवाय मशीनला ‘मिळालं’ असं कळवायचं नाही. दोन बंद असताना तिसरा एकटा काय करणार? अडून बसणार. म्हणून चार मिनिटांपुरता तो नियम काढून ठेवायचा. एकटा असला तरी ‘मिळालं’ म्हणू दे. वर कुणाला पत्ताही लागणार नाही.

चाचणीच्या सर्व्हरांवर तालीम केली. तीन मिनिटं पन्नास सेकंद. त्यांच्यावर एकही फाईल नव्हती, पण तो मुद्दा वेगळा.

सोमवार, ९ मार्च
सबुरीबाईंनी योजना दोनदा वाचली. मग विचारलं, त्या चार मिनिटांत एखादा फोटो आला तर तो एकट्याकडेच राहणार. बाकीचे दोघे उठून म्हणतील, असा फोटो आमच्याकडे नाही. दोन विरुद्ध एक झालं की सर्व्हर कुणाचं ऐकतात, ते तुम्हाला माहीत आहे ना.

मी म्हटलं, रविवारी अकराच्या सुमाराला कोण येतं स्कॅनला.

त्यांनी योजनेच्या कागदावर लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं. हे त्यांचं जुनं शस्त्र.

गुरुवार, १२ मार्च
सबुरीबाईंनी माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. करायचंच असेल तर निदान स्कॅन विभागाला फोन करून ती चार मिनिटं मशीन थांबवायला सांगा, लाल पेनाने अधोरेखित. करीन म्हटलं. चिठ्ठी चहाच्या मगाखाली ठेवली, म्हणजे विसरणार नाही.

निश्चय: (१) रविवारपर्यंत कुणाशी वाद नाही. (२) लवकर झोपणे. (३) ‘चार मिनिटांत रीस्टार्ट’ या विषयावर इतर हॉस्पिटलांना व्याख्यान द्यावं लागेल, त्याचे मुद्दे काढणे. तिसरा निश्चय आजच पाळला.

रविवार, १५ मार्च. सकाळी ८.००
झोप लागली नाही. हा उत्साह आहे.

१०.१२
बाबांना घेऊन आलो. जिन्याने. स्कॅनच्या खोलीबाहेर त्यांनी घड्याळ, किल्ल्या आणि चष्मा माझ्या हातात दिला. हात थंडगार होता. आत जाताना एकदा मागे वळून पाहिलं. मी हात केला. दार लागलं.

१०.२०
खाली सर्व्हर रूममध्ये आलो. हिशोब साफ आहे. स्कॅन अकराला संपणार. मी पावणेअकराला सुरू करून दहा एकोणपन्नासला मोकळा. बाबा बाहेर येतील तेव्हा दारात हजर.

१०.४५
साहेबांना बघायचं आहे. येतोच म्हणाले. त्यांच्यासाठी थांबलो.

१०.५२
साहेब अजून नाहीत. स्कॅन विभागाला फोन करायचा होता तो आठवला. पण बाबा आत आहेत, अशा वेळी तंत्रज्ञाला फोन करून दचकवणं बरं नव्हे. आणि चार मिनिटंच तर आहेत.

१०.५९
साहेब आले. स्टॉपवॉच लावलं. सुरू.

११.०४
चार मिनिटं दहा सेकंद. साहेबांनी पाठ थोपटली. वरून एकही फोन नाही. सबुरीबाई कोपऱ्यात उभ्या होत्या, पेन खिशात. जरा वाईट वाटलं त्यांचं, पण काळ कुणासाठी थांबत नसतो.

११.१५
वर गेलो तर बाबा बाकावर बसलेले. शर्ट घामाने ओला. म्हणाले, झालं एकदाचं, आता पुन्हा नाही. मी म्हटलं, पुन्हा कशाला. चार मिनिटांविषयी ते काही बोलले नाहीत. म्हटलं ना, भान राहत नाही.

सोमवार, १६ मार्च
साहेबांनी सगळ्या विभागांना मेल पाठवला. माझं नाव दुसऱ्याच ओळीत. प्रिंट काढून घरी नेली. बायकोने वाचून विचारलं, त्या बाईंनी काय सांगितलं होतं ते केलंस का. हिला प्रत्येक लाडवात खडा शोधायची सवय आहे.

मंगळवार, १७ मार्च. दुपारी ३.३०
बाबांच्या डॉक्टरांचा फोन. स्कॅन दिसत नाही म्हणाले. मी म्हटलं, नावाचं स्पेलिंग तपासा. तपासलं म्हणाले. म्हटलं, उद्या दिसेल. कशावरून म्हणालो, देव जाणे.

५.४५
स्वतः शोधला. नाही. नोंदणी क्रमांकाने शोधला. नाही. तंत्रज्ञाने पाठवलाच नसणार. या लोकांना रविवारी घरी पळायची घाई असते.

बुधवार, १८ मार्च. सकाळी ११.००
तंत्रज्ञाला जाब विचारला. त्याने मशीनची नोंद समोर धरली. पाठवलं, ११.०१. उत्तर आलं ‘मिळालं’, ११.०१. त्याच्या मशीनला ‘मिळालं’ कळलं की ते आपली प्रत पुसून टाकतं, कारण एवढ्या मोठ्या फाईली ठेवायला जागा नाही. त्याने विचारलं, ‘मिळालं’ कोण म्हणालं मग.

मला माहीत होतं कोण म्हणालं. 

१.०५
सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीची चूक. असं व्हायलाच नको. त्यांना कडक मेल लिहिला. पाठवला नाही.

४.२०
सबुरीबाईंनी मागितल्याशिवायच सर्व्हरांचा लॉग, म्हणजे मिनिटामिनिटाची नोंद, काढून ठेवला होता. ११.०१ ला एकट्याने तीन फोटो लिहून घेतले. ११.०३ ला दोघे उठले. दोघांकडे ते तीन नव्हते. दोन विरुद्ध एक. ११.१० ला एकट्याकडचे तीन फोटो ‘चुकून राहिलेले’ म्हणून साफ झाले.

दोन छातीचे एक्स-रे होते. ते मशीन आठवडाभर स्वतःची प्रत ठेवतं. सबुरीबाईंनी दुपारीच दोन्ही परत आणून लावले. तिसरा बाबांचा. तो कुठेच नाही.

मी त्यांना म्हटलं, मला बोला काहीतरी. त्या म्हणाल्या, आधी वडिलांना सांगा. आणि लॉगच्या कागदावर, त्या तिसऱ्या ओळीपुढे, खूण न करता पेनाचं टोपण लावलं.

गुरुवार, १९ मार्च
साहेबांना लेखी कळवलं. तीन मसुदे झाले. पहिल्यात चूक यंत्रणेची होती, दुसऱ्यात परिस्थितीची. तिसऱ्यात माझी. तो पाठवला. पुढचा रीस्टार्ट जुन्या पद्धतीने, सबुरीबाईंच्या देखरेखीखाली, असं उत्तर आलं. माझं नाव शेवटच्या ओळीत.

बाबांना आज सांगायचंच. सकाळी ते पेपर वाचत होते, म्हणून नाही. दुपारी फोन केला तर आईने उचलला, म्हणून नाही. संध्याकाळी जेवायला त्यांच्याकडे गेलो. बाबा डाव्या हाताने चमचा धरून जेवत होते. उजवा मांडीवर ठेवलेला, कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा.

मला भयंकर लाज वाटली. तरी सांगितलं नाही.

शुक्रवार, २० मार्च
बाबांच्या हातून पाण्याचा पेला पडला. त्यांना पडल्याचं कळलंही नाही, आवाजाने कळलं. आईने फोनवर विचारलं, रिपोर्टला एवढे दिवस का लागतात.

बायकोबरोबर जाऊन सांगितलं. सगळं सांगितलं, दोन विरुद्ध एकसकट. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, म्हणजे पुन्हा आत जायचं. हो म्हटलं. ते उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ खाली बघत उभे राहिले. आईने माझ्याकडे पाहिलं नाही.

जाताना बायको म्हणाली, निदान सांगितलंस. चौदा वर्षांतली ही पहिली शाबासकी. 

रविवार, २२ मार्च. सकाळी ९.५०
स्कॅनच्या खोलीबाहेर. बाबांनी घड्याळ, किल्ल्या आणि चष्मा दिला. मग विचारलं, किती वेळ.

मी म्हटलं, पंचेचाळीस मिनिटं. कदाचित पन्नास.

ते म्हणाले, मागच्या वेळी चार म्हणाला होतास. मी हो म्हटलं. ते म्हणाले, मला तेव्हाही माहीत होतं, शेजारच्यांनी हाच स्कॅन केला होता. मग गेलात कसे, असं मी विचारलं. ते म्हणाले, आत श्वास कोंडायला लागला की मनात म्हणायचो, दाराबाहेर हा उभा आहे. आजही तेच म्हणणार आहे.

दार लागलं.

१०.०५
त्यांना सांगायला हवं होतं की मागच्या वेळी मी तिथे नव्हतो; बाहेर आल्यावर दिसलो नाही, तेव्हा नुकताच हललो असेन असं त्यांना वाटलं असणार. शुक्रवारी सगळं सांगितलं, एवढंच राहिलं. बाहेर आले की सांगेन. किंवा नाही सांगणार. ठरवता येत नाही.

१०.३०
मशीनचा ठोक ठोक आवाज दारातून येतो. बाकावर बसवत नाही, उभाच आहे.

१०.४८
बाबा बाहेर आले. शर्ट ओला, पण हसले. चष्मा मागितला. तंत्रज्ञ म्हणाला, पाठवलं, झालं, जाऊ शकता. मी म्हटलं, थांबा. खाली सबुरीबाईंना फोन लावला. फोनवर पेनाचा आवाज तीनदा आला. तिघांकडे आहे म्हणाल्या.

बाबांनी विचारलं, उभा का होतास एवढा वेळ, बाक होता की. मी म्हटलं, असंच.