खोटं पाणी

प्रिय आई,

तुमच्या खोलीच्या भिंतीपलीकडे बसून तुम्हालाच पत्र लिहितेय, म्हणजे सुनेचं डोकं फिरलं असं तुम्ही म्हणणार. म्हणा. समोर बसून मला हे बोलायला जमणार नाही. रविवारी चहा पिता पिता तुम्ही सरळ सांगितलंत, की दुकानातल्या चष्मेवाल्यांनी तुम्हाला लग्नाचं विचारलंय, तुमच्या मनात हो म्हणायचंय, पण माझं मन मोडून नाही. मी कपबशा उचलल्या आणि विसळायला गेले. स्वच्छ झाल्या तरी विसळत राहिले. तेव्हापासून तुम्ही वाट बघताय, विचारत मात्र नाही.

आधी कामाचं सांगते, माझा गुंता तिथेच थोडा सुटला. तुम्ही मला नेहमी चिडवता, "नळाला खरं पाणी येतंय, मग संगणकात खोटं कशाला?" खरं पाणी फार तऱ्हेवाईक, म्हणून. थंड केल्यावर बहुतेक वस्तू आक्रसत जातात. पाणीही आक्रसतं, पण गोठायच्या जरा आधी त्याचं मन बदलतं आणि ते पसरायला लागतं. म्हणून तर बर्फ तरंगतो आणि तळ्यातले मासे त्याच्याखाली जगतात. हे का होतं ते कळावं म्हणून आम्ही संगणकातल्या पाण्यातलं जवळजवळ सगळंच काढून टाकतो. उरते एक जाळी. तिच्या एकेका घरात एक कण, नाहीतर घर रिकामं. कणांना दाटीवाटीने बसायला आवडतं. पण एकमेकांचे हात धरायचे तर आसपास मोकळी जागा लागते, आणि थंडी वाढली की त्यांना दाटीपेक्षा हात धरणं बरं वाटतं.

तुम्हाला हे नवं नाही. माझ्या प्रबंधाच्या वेळी चौकड्यांच्या टेबलक्लॉथवर बटणं मांडून हेच मी तुम्हाला समजावत होते. तुम्ही तुमच्या शाळेतल्या वर्गात उभ्या असल्यासारख्या हाताची घडी घालून ऐकायचात आणि मध्येच म्हणायचात, "पुन्हा सांग, तुलाच नीट कळलेलं नाही." तुमची नात चिमी तेव्हा बटणं तोंडात घालायची. तुमचा लेक जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी काम सोडायचं ठरवलं होतं, तर तुम्ही म्हणालात, "दिवसभर घरात तुझं हे तोंड मी बघू? जा तिकडे." माणसं माया करतात ती गोड बोलून. तुम्ही मला हाकलून केलीत. त्या हाकलण्यावर मी आज उभी आहे, हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही.

तर अलीकडे माझं खोटं पाणी बिघडलं होतं. कितीही थंड करा, पसरायचं नावच नाही, उलट जास्तच दाटायचं. सगळा उन्हाळा मी पाण्याला दोष दिला. या आठवड्यात तुमच्याशी बोलणं टाळायचं म्हणून प्रोग्राम ओळीओळीने वाचायला घेतला. त्यात दर पावलाला तीनपैकी एक गोष्ट घडायला हवी: कण आत टाकायचा, कण बाहेर काढायचा, नाहीतर त्याचे हात फिरवायचे. बाहेर काढायची ओळ मी मागे कधीतरी चाचणीसाठी बंद केली होती आणि तशीच राहिली होती. आलेल्या कुणाला जाताच येत नव्हतं. घरं गच्च भरली होती, मग हात धरणार कुठे? ओळ सुरू केली. दुपारपर्यंत दाटीचा आलेख चढला, माथ्यावर पोचला आणि थंडीच्या बाजूला हळूच उतरला. अगदी पाण्यासारखा. मी खुर्चीत बसून एकटीच हसले, मग थोडी रडलेही.

यातून धडा काढत नाही. तो तुमचा धंदा.

भाऊजी फोनवर म्हणाले, "या वयात?" त्यावर तुम्ही म्हणालात, "मग काय, पुढच्या जन्मी?" मी स्वयंपाकघरात ऐकत होते. मला वयाचं काही नाही, लोकांचंही नाही. चष्मेवाले म्हणजे भला माणूस. चिमीच्या चष्म्याची काडी बसवताना तिला विनोद सांगतात, आणि ते विनोद इतके वाईट असतात की ती हसतेच. माझी भीती वेगळी होती. आपलं नातं तुमच्या लेकामुळे. तो नाही. आता तुम्ही दुसऱ्या घरच्या झालात, तर मी तुमची कोण?

म्हणून हे पत्र. हो म्हणून सांगा त्यांना. माझं मन मोडत नाही. साक्षीदार म्हणून सही करायला मी येणार, दुसऱ्या कुणाला विचारू नका. नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने विचारलंच, की या बाईंच्या तुम्ही कोण, तर मी मुलगी म्हणून सांगणार आहे. तेव्हा मला शाळेतल्यासारखं दुरुस्त करू नका.

तुमचीच,
भिंतीपलीकडची